शेवटची गाडी येईपर्यंत

खाडीकाठी उगवणाऱ्या रानभेंडीचं ते झाड चांगलं डेरेदार होतं. त्याच्या सावलीत दोन खुर्च्या, घडीचं टेबल, पाण्याचा मोठा जग आणि राजसची चटई एवढं सगळं ऐसपैस मावलं. रुचिरानं चटईवरची पानं झटकली, अडीच वर्षांच्या राजसला तिच्यावर बसवलं, हातात बिस्किट दिलं आणि जरा हुश्श करते आहे तोच कमलाकरकाका स्कूटर स्टँडला लावून लगबगीनं आले.

"अहो वहिनी, इथे नाही! उचला, उचला सगळं."

"का हो काका? छान सावली आहे."

"म्हणून तर नको." काका मिश्कील हसले. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला हा माणूस मोटार क्लबात मात्र अजून कॉलेजातल्या पोरासारखा वावरत असे. "आपला सीक्रेट कंट्रोल आहे, वेळ टिपायचं गुपित ठाणं. गाडीवाल्यांना लांबून कळलं, की हे इथे बसलेत, तर ते अलीकडेच रेंगाळून वेळ जुळवून घेतात. आणि या सगळ्या मिठागरांत झाड आहे एकच. शेजारी बसून हिशेब करणारा नॅव्हिगेटर काय म्हणणार? ते झाड दिसतंय ना, तिथेच बसले असणार लेकाचे! म्हणून आपल्या क्लबात सीक्रेट कंट्रोल झाडाखाली लावायचा नाही. पहिल्यापासूनचा रिवाज आहे."

"आणि ऊन?"

"ऊन काय, एप्रिलचं ऊन ते असणारच. मोठी छत्री आणलीय ना!"

झालं. खुर्च्या उचलल्या, टेबल उचललं, राजस भोकाड पसरायला लागला म्हणून त्यालाही उचललं. पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून फुटलेला हा जुना रस्ता बांधावरून चालला होता आणि पुढे एका वळणानंतर दगडी मोरीवरून जात होता. मोरीखालून भरतीचं पाणी मिठागरांत घेत. वळणाच्या अलीकडून पाहणाऱ्याला मोरी दिसत नसे. काकांनी तिथे छत्री रोवली, टेबलावर घड्याळ ठेवलं, काठीला लाल पाटी बांधली आणि कंबरेवर हात ठेवून खुशीत म्हणाले, "आता येऊ देत!"

मोटारींची ही शर्यत वेगाची नव्हती. तसं असतं तर रुचिरानं नवऱ्याला, निनादला, घराबाहेर पाऊलच टाकू दिलं नसतं. नेमून दिलेल्या वेगानं, नेमक्या वेळी प्रत्येक कंट्रोलला पोचायचं, लवकर आलं तरी गुण जायचे, उशिरा आलं तरी जायचे, असा तो हिशेबी खेळ होता. गाडी आली की तिच्या कार्डावर वेळ टाकून सही करायची आणि सोडायची, एवढंच कंट्रोलवाल्यांचं काम. आणि एक नियम, जो सकाळी सेक्रेटरींनी माइकवरून दोनदा सांगितला होता: शेवटची गाडी, टपावर पांढरं निशाण लावलेली क्लबची जीप, येऊन "बंद करा" म्हणेपर्यंत कंट्रोल सोडायचा नाही. कंट्रोल हलला तर तो सबंध टप्पाच रद्द. सगळ्यांचा.

खरं तर रुचिराला गाड्यांचं काडीचंही प्रेम नव्हतं. नाशिकहून नवीन पनवेलला येऊन त्यांना दोन वर्षं होत होती. निनादची तळोज्याला नोकरी. इमारतीतले निम्मे फ्लॅट अजून कुलपात, आणि ज्यांत माणसं होती त्यांची दारं सकाळी बंद व्हायची ती रात्री उघडायची. निनादला सहा महिन्यांत क्लब सापडला. तिला काहीच सापडलं नाही. रविवारही मग क्लबचा झाला. सेक्रेटरींच्या बायकोनं, सुमतीताईंनी, "कंट्रोलवर बसायला बायका हव्यात गं, येतेस?" असं विचारलं तेव्हा तिनं पटकन हो म्हणून टाकलं. निदान एक रविवार त्याच्याबरोबर जाईल. निनाद प्रितमच्या गाडीत नॅव्हिगेटर, आणि ती इथे. म्हणजे दिवसभरात तो तिच्यासमोर येणार ते अर्धं मिनिट. हे तिच्या नंतर लक्षात आलं.

सकाळी मैदानावर ती पन्ह्याचा जग आणि पिशवीभर कांदे घेऊन गेली होती. उन्हात निघताना खिशात कांदा ठेवावा, हे तिच्या आजोळचं. बी.एस्सी. झालेल्या डोक्याला ते पटत नव्हतं, पण हाताला पटत होतं. प्रत्येक गाडीच्या खिडकीतून तिनं दोन-दोन कांदे आत सरकवले आणि वर बजावलं, "पाणी पीत राहा हं. गाड्या थांबवायला लागतील म्हणून पाणी टाळू नका. घाम यायचा थांबला, डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पायांत गोळे आले, शहारे आले, तर गाडी सावलीला घ्या."

प्रितम सुकापूरचा. वडिलांच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि दारात नवी गाडी आली. तो कांदा उडवून झेलत म्हणाला, "वयनी, कांदा दिलात, पन भाकर कुठं हाय?"

सगळे खो खो हसले. निनादही हसला. मग तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "तुझं आपलं काहीतरीच असतं."

हे वाक्य तिला आता पाठ झालं होतं. राजस दहा महिन्यांचा असताना ताप डोक्यात चढून त्याला आकडी आली होती. घरात ती एकटी. तेव्हापासून तिची नजर त्याच्यावरून हलत नसे. ओठ सुकले का, मान गरम लागते का, शू केली का, किती वेळापूर्वी केली. छातीत धडधडायचं, हात गार पडायचे, डोकं भणभणायचं. डॉक्टरांनी नाडी पाहून सांगितलं होतं, "काही नाही, टेन्शन घेता तुम्ही." तेव्हापासून शरीरानं काहीही तक्रार केली की ती स्वतःच स्वतःला सांगायची, काही नाही, टेन्शन आहे.

पहिल्या गाड्या आल्या तेव्हा मजाच वाटली. वळणावरून गाडी अचानक पुढे यायची, लाल पाटी बघून आतले दोघं "अरे!" करून ओरडायचे, काका टाळी वाजवायचे. रुचिरा कार्डावर वेळ टाकायची आणि पेल्यात पन्हं द्यायची. कोणी घेत, कोणी "नको वहिनी, मग थांबावं लागतं" म्हणून हात जोडत. ती पेला हातात कोंबायचीच. उरलेलं पन्हं ती झाकण घट्ट लावून टेबलाखाली ठेवी. अजून बऱ्याच गाड्या यायच्या होत्या. निनादची तर फार मागे होती.

राजसला घोट-घोट पाजणं चालूच होतं. ती स्वतः मात्र घेत नव्हती. त्याचं कारण साधं होतं आणि कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. नजर जाईल तिथवर मिठागरांचे चौकोन आणि मिठाचे ढीग, सगळं आरशासारखं चकाकतंय, झुडूप म्हणून नाही. बाजूला काका. वळणावरून केव्हाही पुरुषांनी भरलेली गाडी येणार. जायचं कुठे? म्हणून सकाळी निघताना अर्धा कप चहा घेतला होता तेवढाच. लग्नाच्या वऱ्हाडात, एस.टी.च्या प्रवासात, डोंगरावरच्या देवाला जाताना असंच करायचं असतं, हे कोणी न शिकवता तिला ठाऊक होतं.

मध्येच मिठागरातून दोन बाया वर आल्या. डोक्यावर रिकाम्या टोपल्या, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. एक म्हातारी, एक तरणी. म्हातारी छत्रीपाशी थबकली.

"कोनाची वाट बघता, बाय?"

"गाड्यांची. रॅली आहे."

"कुठं जातात?"

"पनवेलला."

"पनवेलवरनंच आल्या ना?"

"हो."

म्हातारीनं तरणीकडे पाहिलं. "आयकलंस, मालू? पनवेलवरनं निगायचं नि पनवेललाच जायाचं. मंग निगायचं कशाला गो?" दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. काकाही हसले. रुचिराला मात्र बोलायला दुसरी बाई मिळाल्याचंच फार बरं वाटलं.

"आमी चाललो घरी," मालू म्हणाली. "आता हितं थांबलं तर आमचंच मीठ व्हईल." मग राजसपुढे वाकून, "पोर किती गोरं हाय! तुमी जरा हिकडंतिकडं जाऊन येता काय? मी धरते त्याला."

तिनं अगदी ओळखलंच होतं.  पण मालूचे हात राजसकडे गेले मात्र, आणि रुचिरानं त्याला झटकन कडेवर उचलून घेतलं. "नको नको. तो... अनोळखी माणसांकडे राहत नाही."

राजस मालूकडे बघून छान हसत होता.

"बरं," मालू म्हणाली. रागावली नाही. दोघी बांधाबांधानं गेल्या आणि उन्हाच्या वाफेत त्यांचे पाय आधी दिसेनासे झाले, मग त्या.

त्यानंतर पुढच्या गाडीनं निरोप आणला, की पुढच्या कंट्रोलचं घड्याळ बंद पडलंय, इथलं जादाचं पाठवा. काका तयारच होते. "हा गेलो नि हा आलो, वहिनी. घाबरू नका हं!"

"घाबरते कशाला," ती म्हणाली. स्कूटर बांधावरून पुढे गेली, आवाज बारीक होत होत संपला. खाडीकडून वारा येत होता तो मिठावरून तापून येत होता. वाऱ्यानं छत्री फडफडायची, सावली कधी टेबलावर, कधी रस्त्यावर. रुचिरानं राजसला सावलीत ठेवायचं म्हणून खुर्ची सरकवली, मग पुन्हा सरकवली. शेवटी सावलीत तो आणि उन्हात ती, अशी वाटणी झाली.

काका आले नाहीत. गाड्या येत राहिल्या, पण आता मध्ये खूप वेळ जाई. बोलायला कोणी नाही. राजसशी बोलून बोलून शब्द संपले. तिचं डोकं ठणकायला लागलं. टेन्शन. मळमळलं. सकाळपासून पोटात काही नाही, शिवाय टेन्शन. एका गाडीचा नंबर कार्डावर लिहिताना आकडे पाण्यात ठेवल्यासारखे हलले. नॅव्हिगेटर म्हणाला, "वहिनी, बऱ्या आहात ना?" ती म्हणाली, "हो हो, पन्हं घ्या." तो पेला रिकामा करून गेला. अंगावर काटा आला तेव्हा तिला आपलंच हसू आलं. एवढ्या उन्हात शहारे! काका कुठे पडले असतील का, निनादची गाडी कुठे कलंडली असेल का, असं मनात आणलं की असंच व्हायचं. काही नाही, रुचिरा. तुझं आपलं काहीतरीच.

मग पोटऱ्यांत गोळे आले. उभं राहताना टेबल धरावं लागलं. तिनं सवयीनं राजसच्या मानेला हात लावला आणि दचकली. मान भाजत होती. एका क्षणात तिला तो दहा महिन्यांचा दिसला, डोळे वर गेलेला. पण राजस तर मजेत मिठाचा खडा चाटत होता. तिनं गाल लावून पाहिला. मान नेहमीसारखीच होती. गार होता तो तिचा हात. गार आणि ओला, माशासारखा.

काळजीनं हात गार पडतात हे तिला माहीत होतं. पण काळजीनं पोटऱ्यांत गोळे येत नाहीत.

सकाळी खिडक्या-खिडक्यांतून सांगितलेली सगळी वाक्यं तिला एकेक करून ऐकू आली, आणि ती या खेपेला तिलाच सांगितलेली होती. डोकं. मळमळ. गोळे. शहारे. पुढे काय होतं तेही तिला ठाऊक होतं. माणूस पडतं. आणि ती पडली तर राजस काय करील? दोन मिनिटं "आई ऊठ" म्हणेल. मग उठून चालायला लागेल. एका बाजूला रस्ता, आणि वळणावरून पाटी न दिसता येणारी गाडी. दुसऱ्या बाजूला मिठाचं पाणी. त्याच्यावर नजर ठेवणारं कोणी नसेल. जगात पहिल्यांदाच.

झाड? ते वळणापार होतं, पोराला घेऊन तिथवर पोचायची नाही. शेवटची गाडी? तिच्या आधी कितीतरी गाड्या बाकी होत्या, निनादचीही. या वर्षी त्याचा पहिला नंबर येणार म्हणून तो आठवडाभर घरात शीळ घालत फिरत होता. आणि कंट्रोल सोडला तर टप्पा रद्द. सगळ्यांचा.

एवढा विचार तिनं केला, हे खरं. कारण पुढे बरेच दिवस तिला त्याचाच राग येत राहिला, की तिथेही तिनं आधी हाच विचार केला.

मग तिनं ओढणी काढली. एक टोक राजसच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या. पन्ह्याचा जग आणि राजसची पाण्याची बाटली छातीशी धरली आणि रस्त्याच्या कडेनं बसत, घसरत, राजसला मांडीवर ओढत खाली उतरली. मोरीच्या पोटात शिरली.

आत ओहोटीचा चिखल होता, पण कडेला दगडांची कोरडी पायरी होती. अंधार होता. गारवा होता. या तोंडातून त्या तोंडात वारा वाहत होता. ती पायरीवर पाठ टेकून आडवी झाली, पाय वरच्या दगडावर ठेवले, ड्रेसचं गळ्याचं बटण काढलं. जगातलं पन्हं घोटभर घेतलं. थांबली. पुन्हा घोटभर. गटागटा प्यायलं तर उलटून पडेल हेही तिनंच सकाळी कोणाला तरी सांगितलं होतं. ओढणीच्या मधल्या भागावर थोडं साधं पाणी ओतून तो कपाळावर घेतला.

"आई, घर?" राजसनं विचारलं. त्याला ही जागा फार आवडली होती.

"हो, घर. इथेच बस हं. माझ्या पोटावर."

डोक्यावरून गाडी गेली. दगड हादरले, माती पडली. गाडी थांबली नाही. दुसरी गेली. मग बराच वेळ काही नाही. ती घोट घेत होती, मनगटाची गाठ चाचपत होती, आणि डोळे मिटू नयेत म्हणून राजसला विचारत होती, नाक कुठे आहे, कान कुठे आहे. जीभ टाळ्याला चिकटत होती. आवाज निघत होता तो राजसला ऐकू येण्याइतकाच.

आणि मग प्रितमची गाडी आली. तिचा सायलेन्सर खुळखुळत असे, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. वळणावर गिअर बदलला. वेग कमी झाला. गाडी बरोबर डोक्यावर थांबली.

दार उघडलं. बूट रस्त्यावर उतरले. चार-सहा पावलं वाजली. तो छत्रीपाशी गेला असणार, रिकामी खुर्ची बघत असणार.

"रुचिरा!"

तिनं "निनाद" म्हटलं. ओठ हलले. तिनं पुन्हा म्हटलं. घशातून जे निघालं त्यानं शेजारचा खेकडासुद्धा हलला नाही. तिनं जगाचं झाकण दगडावर आपटलं. वर इंजिन चालू होतं.

"चल रे निनाद," प्रितमचा आवाज. "काकांची स्कूटर नाय दिसत. त्यानी नेली असंल वयनीला. टाइम चाललाय."

 ती ऐकत होती. तिनं आयुष्यात कशासाठी इतके कान दिले नव्हते. एक पाऊल वाजलं. पुढे की मागे, ते खालून कळेना.

"हो, काकाच घेऊन गेले असतील," निनाद म्हणाला. "चल. मार गाडी. आपण आत्ता अगदी बरोबर आहोत."

दार लागलं. खुळखुळ लांब लांब गेली.

"बाबा भुर्र," राजस म्हणाला आणि टाळ्या वाजवायला लागला. ओढणीनं तिचाही हात वर-खाली होऊ लागला.

तिला रडू आलं नाही. रडायला अंगात पाणी नव्हतं म्हणा, किंवा राजस पोटावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता म्हणून. ती घोट घेत राहिली. हळूहळू गोळे सुटले. दगड दगडासारखे स्थिर दिसायला लागले. नंतर तिनं राजसला गाठीसकट तोंड फिरवून बसवलं आणि मोरीच्या आतल्या बाजूला जाऊन आली. थोडंसंच, आणि गडद चहासारखं. परत येऊन बसताना तिच्या मनात आलं, खुर्चीपासून हे किती लांब होतं? सकाळपासून आडोसा तिच्या पायांखालीच होता. पण एवढं खाली उतरायचं तर पोराला कोणाच्या तरी हातात द्यावं लागलं असतं.

पांढऱ्या निशाणाची जीप आली तेव्हा ती स्वतःच वर चढून रस्त्याच्या कडेला बसली होती. सुमतीताई उडी मारून उतरल्या. "अगं! काय हे! ओठ बघ कसे झालेत!" त्यांच्या मिस्टरांनी, सेक्रेटरींनी, आधी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग अर्धवट राहिलेल्या नोंदवहीकडे, मग तिच्याकडे. "कंट्रोल... बंद होता?"

"हो," रुचिरा म्हणाली.

वाटेत मिठागरातल्या आडवाटेनं येणारे काका भेटले, पंक्चर झालेली स्कूटर ढकलत. तेही लालबुंद झाले होते. त्यांनाही जीपमध्ये घेतलं. "वहिनी, एकटीला सोडून जायला नको होतं," ते एवढंच म्हणाले आणि मग सगळा रस्ता टोपीनं वारा घेत बसले.

बक्षीस समारंभ संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये होता. डॉक्टर मेंबरनं रुचिराची नाडी पाहिली, वरून मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पंख्याखाली खुर्ची दिली आणि दोन दिवस उन्हात जायचं नाही म्हणून सांगितलं. मग सेक्रेटरींनी जाहीर केलं, की काही कारणामुळे एक टप्पा रद्द धरण्यात आला आहे. हॉलमध्ये कुरकुर उठली. त्याच टप्प्यात प्रितम आणि निनाद सेकंदाला सेकंद जुळवून आले होते. तो गेला आणि ते पहिल्यावरून चौथ्यावर आले.

"एवढं मिनिट न् मिनिट मोजलं," मागून कोणी तरी म्हणालं, "आणि शेवटी कंट्रोलच गायब!"

"बायकांना बसवलं की असंच," दुसरा. हशा.

सुमतीताई रुचिराशेजारी येऊन बसल्या. हळूच कानाशी म्हणाल्या, "दिवसभर पाणी प्यायली नव्हतीस ना?"

"नाही," रुचिरा म्हणाली.

"मीसुद्धा नाही पीत. जीपमध्ये सगळे पुरुष. त्या घाटातल्या कंट्रोलवरची सुनीता, तीही नाही. आदल्या संध्याकाळपासूनच बंद करते ती." त्यांनी समजुतीनं रुचिराच्या हातावर थोपटलं. "आपलं असंच असतं गं. सवय होते."

रुचिरानं त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं, प्रत्येक रॅलीला, प्रत्येक कंट्रोलवर एकेक बाई कोरड्या घशानं बसलेली, आणि एकीचं दुसरीला माहीत. आणि तरी कोणी काही बोललेलं नाही. तिला एकदम मोरीतल्यापेक्षा इथे जास्त एकटं वाटलं.

सेक्रेटरी माइकवर विचारत होते, पुढच्या वर्षीसाठी काही सूचना? ती उठली. 

"कंट्रोल झाडाखाली लावा," ती म्हणाली. "आणि प्रत्येक ठिकाणी दोन माणसं. एकानं जायचं झालं तरी दुसऱ्याला सोबत देऊन जायचं. बायका असतील तिथे आडोसा बघून जागा ठरवा."

 मग काकांनी घसा खाकरला. "पण वहिनी, सीक्रेट कंट्रोल झाडाखाली लावला तर सगळ्यांना कळेल ना!"

"मग कळू दे," ती म्हणाली.

लोक हसले.  सेक्रेटरी म्हणाले, "विचार करू," आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर निनाद स्कूटरपाशी राजसला खांद्यावर घेऊन उभा होता. राजस झोपला होता, मनगटावर ओढणीच्या गाठीचा लालसर वळ होता. निनादचा चेहरा उतरला होता, पण तो रागावलेला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. तो वाईट माणूस नव्हताच.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बरी आहे."

"मला खरंच वाटलं, काका घेऊन गेले तुला. नाही तर मी गेलो असतो का?" तो राजसची टोपी सारखी करत राहिला. "आणि तू तिथे होतीस, तर ओ तरी द्यायचीस. मी किती हाका मारल्या!"

"एक," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं.  तिनं पुढे काही सांगितलं नाही. प्रितम काय म्हणाला, तो स्वतः काय म्हणाला, पाऊल वाजलं ते. सगळं सांगता आलं असतं. आता आवाज होता.

त्यानं किक मारली. एरवी राजस पुढे उभा राहायचा. आज झोपला होता म्हणून तिनं त्याला मध्ये घेतलं आणि मागे बसली. नवीन पनवेलच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून स्कूटर निघाली. एरवी तिचा हात निनादच्या खांद्यावर असे. आज तिनं दोन्ही हात राजसभोवती घट्ट धरले, आणि पोर मध्ये असल्यामुळे रस्त्यावरच्या कोणालाही त्यात काही वेगळं दिसलं नसतं.